रचनातक्त्यातील रेघ आणि तिचे क्रियापद
शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आस्थापनांच्या आधारे एक विवेचन

कार्यालयातील पदांची उतरंड चौकटी आणि रेघा यांच्या साहाय्याने एका कागदावर दाखविण्याची जी पद्धती आहे, तिला रचनातक्ता असे म्हणतात. नेमणूक, बदली, रजा, कार्यमूल्यमापन अथवा चौकशी यांपैकी कोणतेही प्रकरण हाती आले की आस्थापना शाखेस या तक्त्याकडे वळावे लागते. तो दुर्बोध झाला आहे, सोपा करावा, अशी मागणी झाली म्हणजे चौकटी कमी करणे, अक्षरे ठळक करणे, रंग वापरणे असे उपाय बहुधा सुचविले जातात. हे उपाय निरुपयोगी नाहीत. परंतु ते दुखण्याच्या मुळाशी जात नाहीत. चौकटीला नाव असते, रेघेला नसते; आणि तक्त्याचा अवघडपणा मुख्यतः या निनावी रेघेत आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय.

१. एका रेघेचा एक अर्थ

आधुनिक रचनातक्त्याचे आद्य उदाहरण म्हणून अमेरिकेतील न्यूयॉर्क अँड एरी रेल्वेच्या १८५५ च्या तक्त्याचा निर्देश करण्यात येतो. डॅनियल मॅकॅलम या अधीक्षकाच्या कारकिर्दीत सिद्ध झालेला हा तक्ता वृक्षाच्या आकाराचा होता. त्यात संचालक मंडळ आणि अध्यक्ष शिरोभागी नसून मुळाशी होते आणि कर्मचारी फांद्यांवर होते. योगायोग असा की, त्याच वर्षी कल्याणकडून निघालेला लोहमार्ग शहापूर तालुक्यातील वासिंद येथपर्यंत पोहोचला होता.

मॅकॅलमच्या योजनेत कर्मचाऱ्याने आपल्या निकटच्या वरिष्ठाचीच आज्ञा घ्यावी आणि त्यालाच जाब द्यावा, असा दंडक होता. पुढे १९१६ मध्ये आँरी फायोल या फ्रेंच लेखकाने आज्ञेच्या एकतेचे हेच तत्त्व शास्त्राच्या भाषेत मांडले. जेथे हा दंडक खरोखर पाळला जातो, तेथे एक रेघ पुरते, कारण तिचा अर्थ एकच असतो. अडचण उत्पन्न होते ती नियम पाळला जात नसतानाही रेघ तीच ठेवल्यामुळे.

२. भाषेच्या दृष्टीने तक्ता

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने रेघेने जोडलेल्या दोन चौकटी म्हणजे दोन नामे असलेले, परंतु क्रियापद गाळलेले वाक्य होय. फ्रेंच व्याकरणकार ल्युसियँ तेनिएर याच्या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही वाक्यरचना अशाच रेघांच्या आकृत्यांनी दाखविलेली आहे. तेथे रेघेचा अर्थ अवलंबन एवढाच असला तरी आकृतीच्या माथ्यावर क्रियापद असते आणि शब्दांचे परस्परसंबंध प्रत्ययांवरून उमगतात. रचनातक्त्यात क्रियापदही नाही आणि प्रत्ययही नाही.

मराठीत 'ग्रामपंचायतीचा कर्मचारी', 'ग्रामपंचायतीत काम करणारा कर्मचारी', 'ग्रामपंचायतीकडे वर्ग केलेला कर्मचारी' आणि 'ग्रामपंचायतीमार्फत वेतन घेणारा कर्मचारी' हे चार निरनिराळे मनुष्य असू शकतात. शासकीय मराठीतही 'अधीन', 'नियंत्रणाखाली', 'मार्गदर्शनाखाली', 'अखत्यारीत' आणि 'समन्वयाने' या शब्दांचा भार सारखा नाही. तक्ता काढणारा हे सर्व भेद पुसून एकच उभी रेघ ओढतो आणि वाचणाऱ्याने तिचा अर्थ तर्काने लावावा अशी अपेक्षा ठेवतो.

३. दोन तालुक्यांतील उदाहरणे

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते. महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ याअन्वये १ मे १९६२ पासून जी व्यवस्था अस्तित्वात आली, तीत प्रत्येक तालुक्यास पंचायत समिती आहे. गटविकास अधिकारी हा राज्यसेवेतील अधिकारी असून पंचायत समितीचा पदसिद्ध सचिवही असतो. म्हणजे या एकाच चौकटीतून आरंभीच दोन रेघा निघतात.

ग्रामसेवकाचे स्थान याहून गुंतागुंतीचे आहे. त्याची नेमणूक जिल्हा परिषदेची. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये तो ग्रामपंचायतीचा सचिव. आणि त्याच्या कामावर देखरेख गटविकास अधिकाऱ्याची. नेमणे, काम सांगणे आणि तपासणे ही तीन क्रियापदे तीन दिशांना जातात. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे २०२४ मधील निर्णयानुसार 'ग्रामपंचायत अधिकारी' या एका नावाखाली आणण्यात आली. चौकटीवरील नाव पालटले, तरी रेघांचा गुंता होता तसाच राहिला.

दुसरे उदाहरण शाळांचे. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाची रेघ मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशी वर चढते. शासकीय आश्रमशाळेतील शिक्षकाची रेघ मात्र शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आणि तेथून आदिवासी विकास विभागाकडे जाते. मुरबाडमधील आश्रमशाळेचा कारभारही तालुक्याची सीमा ओलांडून शहापूरकडे पाहतो. शेजारशेजारच्या दोन शाळांतील शिक्षक समान काम करीत असले, तरी त्यांची खोडे भिन्न आहेत. 'तालुक्यातील शिक्षक' अशा मथळ्याखाली दोघांना एकत्र काढले की बदलीचा अथवा चौकशीचा कागद चुकीच्या मेजावर जाऊन पडण्याचा संभव असतो.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे. आस्थापना शाखा तक्ता काढते तो मंजूर पदांच्या आकृतिबंधावरून. २००५ पासूनच्या ग्रामीण आरोग्य अभियानातील आशा स्वयंसेविका ही मंजूर पदावरील कर्मचारी नव्हे. तिला कामानुसार मोबदला मिळतो. म्हणून आकृतिबंधावर आधारलेल्या तक्त्यात तिला चौकट नसते. तथापि पाड्यावरील गरोदर स्त्रीची वार्ता उपकेंद्रापर्यंत पोहोचते ती बहुधा तिच्याच मुखाने. पावसाळ्यात मोबदला थकला अथवा तिने दिलेली सूचना वाटेत अडली, तर दाद कोणाकडे मागावी याचे उत्तर तक्ता देत नाही. येथे तक्त्याची उणीव केवळ सौंदर्याची राहत नाही. तीत एका मनुष्याचे पोट आणि दुसऱ्याचा जीव गुंतलेला असतो.

खाजगी उद्योगांतही हेच आढळते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी कंत्राटी कामगारास वेतन देतो कंत्राटदार आणि रोजचे काम सांगतो कारखान्यातील पर्यवेक्षक. मनुष्यबळ विभागाच्या तक्त्यात या कामगाराची एकच रेघ दाखविली, तर अपघाताच्या वेळी उत्तरदायी कोण, याविषयी वाद उद्भवणे अटळ आहे.

४. पद आणि व्यक्ती

दुर्बोधतेचे दुसरे कारण म्हणजे पद आणि व्यक्ती यांची सरमिसळ. पद रिक्त असले की शेजारच्या कर्मचाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. मग एकच नाव दोन चौकटींत दिसते किंवा एक चौकट मुकाट्याने गाळली जाते. दोन्ही प्रकार दिशाभूल करणारे होत. चौकट ही पदाची असावी. व्यक्तीचे नाव, 'अतिरिक्त कार्यभार' अथवा 'रिक्त' हा शेरा आणि तारीख तिच्याखाली असावी. तारीख नसलेला तक्ता हा जुना आहे असे समजणेच हितावह.

५. सुलभीकरणाची रीत

यावरून सुलभीकरणाची एक साधी रीत निष्पन्न होते. तक्ता काढण्यापूर्वी प्रत्येक पदाविषयी चार वाक्ये लिहावीत: नेमणूक कोण करतो, रोजचे काम कोण सांगतो, काम कोण तपासतो, आणि वेतन अथवा मानधन कोण देतो. चारही वाक्यांचा कर्ता एकच निघाला, तर एक रेघ पुरे. कर्ते भिन्न निघाले, तर ते भेद रेघेत उतरले पाहिजेत. आज्ञेसाठी अखंड रेघ, तपासणीसाठी तुटक रेघ आणि वेतनासाठी ठिपक्यांची रेघ अशी खूण ठरवून ती तक्त्याच्या कोपऱ्यात नोंदवावी. नेमणूक चौकटीतच एका ओळीत लिहिता येते. मंजूर पद नसलेल्या, परंतु काम करणाऱ्या मनुष्यासही चौकट द्यावी; तिची कड वेगळी ठेवली की आकृतिबंधाशी गल्लत होत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, यामुळे रेघा वाढतील आणि तक्ता अधिकच किचकट होईल. एकाच कागदावर सर्व प्रश्नांची उत्तरे कोंबली तर तसे होईल, हे मान्य केले पाहिजे. म्हणून एका कागदास एकच प्रश्न विचारावा. रजेच्या प्रकरणासाठी आज्ञेचा तक्ता, थकलेल्या मानधनासाठी वेतनाचा तक्ता. दोन सुबोध कागद हे एका दुर्बोध कागदापेक्षा केव्हाही बरे. कसोटी एकच: नव्याने रुजू झालेल्या लिपिकाने कोणत्याही रेघेवर बोट ठेवून ती क्रियापदासह पूर्ण वाक्यात मोठ्याने वाचून दाखवावी. वाचता आली नाही, तर दोष लिपिकाचा नव्हे, रेघेचा.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश सिद्ध करून चौकटींना मराठी नावे दिली. ते कार्य मोलाचे होते. परंतु चौकटीवरील नावाने कोण एवढेच कळते; कोणी कोणासाठी काय करावयाचे, हे रेघ सांगते. त्या रेघांना मराठी क्रियापदे देण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. ते प्रशासनाइतकेच भाषाभ्यासकांचेही आहे.