ब्रेक पॅडवरची दोन अक्षरं नेमकं काय सांगतात?

दुचाकीचे पुढचे ब्रेक पॅड झिजले म्हणून तुम्ही दुकानात जाता. दुकानदार काउंटरवर तीन डब्या ठेवतो: कंपनीचा, दुसऱ्या ब्रँडचा आणि "हा घ्या, एकदम कडक ब्रेक लागतो" असा तिसरा. काहींच्या पाठीमागे बारीक अक्षरांत 'एफएफ', 'जीजी' किंवा 'एचएच' छापलेलं असतं. वरचं अक्षर म्हणजे चांगला पॅड, असं समजून आपण निवड करतो. संशोधनात आपण आकड्यांशी जी चूक करतो, तीच इथेही होते.

ही अक्षरं अमेरिकेतल्या एसएई या संस्थेच्या जे866 पद्धतीतली आहेत. पहिलं अक्षर साधारण तापमानातला घर्षण गुणांक सांगतं, दुसरं तापल्यानंतरचा. 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45, 'जी' म्हणजे 0.45 ते 0.55 आणि 'एच' त्याहून जास्त. म्हणजे एक पॅड 0.46 चा आणि दुसरा 0.54 चा असला, तरी दोघांवरही 'जी'च. पॅड किती टिकेल, डिस्क किती खाईल, पावसात काय करेल, यातलं काहीही या अक्षरांत नाही.

आता हा आकडा येतो कुठून ते बघा. पॅडच्या मसाल्याचा साधारण एक इंच चौरस तुकडा कापून तो फिरत्या बिडाच्या ड्रमवर घासतात. तुमच्या गाडीत मात्र बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलची डिस्क असते, पूर्ण आकाराचा पॅड असतो, वारा लागतो, धूळ बसते. घर्षण गुणांक हा एकट्या पॅडचा गुणधर्म नाहीच. तो पॅड, डिस्क, तापमान आणि दोघांमध्ये तयार होणारा पातळ थर, या सगळ्यांचा मिळून असतो. "या पदार्थाचा गुणांक अमुक" असं वाक्य प्रबंधात लिहिताना "कशावर, किती तापमानाला?" हे जोडायचं राहिलं, तर परीक्षक नेमकं तेच विचारतील.

तापमान किती महत्त्वाचं आहे याचा हिशोब आपल्याच रस्त्यांवर करू. गाडी आणि स्वार मिळून 220 किलो धरा. जालना रोडवर ताशी 60 किलोमीटरवरून पूर्ण थांबलात, तर सुमारे 31 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. सिग्नल सुटला की डिस्कला वारा लागतो, ती निवते. पण दौलताबादच्या घाटासारख्या उतारावर 100 मीटर उंची खाली आलात, तर सुमारे 216 किलोज्यूल! म्हणजे सात वेळा थांबण्याइतकी उष्णता, आणि मध्ये उसंत कमी. इंजिन आणि हवा त्यातला काही भाग उचलतात; गिअरमध्ये उतरायचं ते म्हणूनच. क्लच दाबून, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर जवळजवळ सगळा भार पॅडवर.

साध्या, ऑरगॅनिक पॅडमध्ये मसाला धरून ठेवायला फिनॉलिक रेझिन असतं. जास्त तापलं की ते विघटित व्हायला लागतं आणि ब्रेक 'फिका' पडतो. धातूची भुकटी दाबून, भाजून केलेले सिंटर्ड पॅड ही उष्णता सहन करतात, पण डिस्क जास्त झिजवू शकतात. म्हणून 'एचएच' दिसला की उडी मारू नका. रोज वाळूजला ड्युटीवर जाणाऱ्या 125 सीसीच्या गाडीला माझं मत सरळ आहे: गाडीच्या कंपनीने दिलेल्या प्रकारचाच पॅड घ्या. त्या गाडीची डिस्क, कॅलिपर आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल त्याच घर्षणावर बेतलेला असतो. पुढे अचानक जास्त पकड आली, तर वाळूवर चाक लॉक होण्याची भीतीच वाढते. (बजाजचा कारखाना 1985 पासून जिथे आहे, त्या गावात ओरिजिनल पार्ट मिळत नाही ही सबब फारशी टिकत नाही.)

पॅड बदलताना डिस्ककडेही बघा. खोल चरे पडलेत का, आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झालीय का? नवा पॅड जुन्या डिस्कवर बसायला वेळ लागतो. सुरुवातीला त्याचा थोडाच भाग टेकतो, म्हणून पहिले काही दिवस अंतर जास्त ठेवा, जोराचे ब्रेक टाळा. आणि गॅरेजमधून निघण्याआधी, गाडी उभी असतानाच, लिव्हर कडक लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबा. पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असतो. तो पुढे येईपर्यंत पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.