योग्यता कुठून आणायची?

योगवर्गात नाव घालायला आलेला माणूस फी आणि वेळ नंतर विचारतो. आधी दारातच त्याचं सुरू होतं, "मॅडम, मला मांडीसुद्धा घालता येत नाही. मला जमेल का?" कुणाचं वजन जास्त असतं, कुणाचा गुडघा धरलेला असतो, कुणी म्हणतं आता वय झालं. सगळ्यांच्या मनातली शंका एकच असते: आपली तेवढी योग्यता आहे का?

ही शंका मराठीत सातशे वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यात विचारून झाली आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी आमच्या तोंडी नगरच येतं. तर या नगर जिल्ह्यातल्या नेवाशात, प्रवरेकाठी, शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असं परंपरा मानते, तो पैस खांब आजही तिथे आहे. सहाव्या अध्यायात गीता आसनाबद्दल मोजकंच बोलते. ज्ञानेश्वर मात्र तिथे रमतात. जागा कशी निवडावी, आसन कसं घालावं, मूळबंध, जालंधर आणि उड्डियान कसे लागतात हे सांगत ते कुंडलिनीपर्यंत जातात. आणि मग अर्जुन कचरतो. हे ज्याला झेपेल त्यानेच करायचं का, माझ्यासारख्याचं काय, असं विचारतो. गीतेच्या मूळ श्लोकांत हा प्रश्न नाही, तो ज्ञानेश्वरांनी अर्जुनाच्या तोंडी घातला. श्रीकृष्णाचं उत्तरही मोठं दिलासा देणारं आहे. योग्यतेची कुठे खाण नसते, ती करता करता येते. थोडंसं मन आवरलं आणि खाण्यापिण्या-झोपेत नेम आणला, की माणूस अधिकारी झालाच. मला वाटतं, समोर बसलेल्या साध्या श्रोत्यांचे चेहरे वाचल्याशिवाय हा प्रश्न सुचणारच नाही.

समोरच्याची अडचण पाहून शिकवणं घडण्याची हीच गोष्ट विसाव्या शतकात पुण्यात घडली. 1937 साली बी. के. एस. अय्यंगार नावाचा अठरा वर्षांचा मुलगा डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आला. गुरू कृष्णम्माचार्यांनी त्याला सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी शरीर पोखरलेलं, मराठी येत नव्हतं, आणि समोरचे विद्यार्थी त्याच्याहून वयाने मोठे आणि अंगाने धडधाकट. शिकवायचं तर आधी स्वतःच्या शरीरावर तासन्‌तास करून पाहणं भाग होतं. त्याला बोलावण्यात पुढाकार घेणारे निवृत्त सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले आसनांवर व्याख्यान देत आणि अय्यंगार शेजारी प्रात्यक्षिक करत. सहा महिन्यांसाठी आलेला हा मुलगा मग जन्मभर पुण्याचाच झाला.

पुढे वृद्ध, आजारी, ताठरलेली माणसं त्यांच्याकडे येऊ लागली. पुस्तकातलं आसन त्या अंगांना जमेना, तेव्हा अय्यंगारांनी आसन अंगापर्यंत आणलं. हात जमिनीला टेकत नाही? खाली वीट ठेवा. पाय उचलून धरवत नाही? पट्टा लावा. तोल जातो? भिंत, दोरी, खुर्ची घ्या. जगभरच्या योगवर्गांत आज दिसणाऱ्या या साधनांमागे अशा अडलेल्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. 1966 मध्ये आलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात, ज्याला मराठीत 'योगदीपिका' म्हणतात, सुमारे सहाशे छायाचित्रं आहेत. ती पाहून माणूस दिपतो. मला मात्र त्यांचं खरं मोठेपण त्या विटेत आणि खुर्चीत दिसतं.

आमच्या नगरकडची शरीरं वेगळंच शिकवतात. पारनेर-श्रीगोंद्याकडे कांद्याची रोपं लावणाऱ्या बायका वर्गात आल्या, की उकिडवं बसणं आणि कमरेतून वाकणं त्यांना सहज येतं. दिवसभर वाफ्यात त्या तेच करतात. पण त्यांना पालथं झोपवून भुजंगासनात छाती उचलायला सांगा, पाठ लगेच कुरकुरते. बँकेतल्या साहेबांचं उलटं: त्यांना उकिडवं बसवलं की टाचा उचलतात. म्हणजे 'सोपं आसन' आणि 'अवघड आसन' ही पुस्तकातली उतरंड सगळ्यांना लागू पडत नाही. कुणाचं अंग दिवसभर कुठल्या दिशेने वळतं हे पाहावं आणि उलट्या दिशेने हळूहळू न्यावं, हे मला या बायकांनी शिकवलं.

मांडी न येणाऱ्यांचा अडथळा पुष्कळदा गुडघ्यात नसतोच, खुब्यात असतो. अशा माणसाच्या बैठकीखाली सतरंजीची जाड घडी सरकवायची. बैठक गुडघ्यांपेक्षा वर आली की गुडघे खाली येतात, पाठीचा बाक जातो आणि चेहरा सैल पडतो. तेवढ्यानेही गुडघा दुखत असेल तर सरळ खुर्ची द्यावी. पतंजलींची आसनाकडून अपेक्षाही स्थिर आणि सुखाने बसता यावं, एवढीच आहे.

सूचना कशा द्याव्यात, हेही नवखेच शिकवतात. 'पाठीचा कणा ताठ ठेवा' म्हटलं, की नवा माणूस छाती फुगवतो, खांदे कानाला लावतो आणि श्वास रोखून बसतो. एकदा पाथर्डीकडच्या एका आजींना मी हेच सांगत होते. त्या शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "अगं, डोक्यावर हंडा हाय असं समज न् बस." सगळ्या ओळीच्या माना सरळ झाल्या, खांदे आपोआप खाली आले. आमच्या दुष्काळी पट्ट्यात हंडा वाहिलेल्या बायकांना मणक्याचं शास्त्र वेगळं सांगावं लागत नाही. आता मी ती सूचना तशीच देते.

श्वासाचंही तसंच. शिक्षक आपल्या लयीत 'घ्या, सोडा' म्हणत जातो आणि नवख्याचा श्वास मध्येच संपतो. त्याला बळेच ओढून धरायला लावण्यापेक्षा त्याच्या श्वासाप्रमाणे आसन चालू द्यावं.

शवासन वरवर सगळ्यांत सोपं. पण पुरुषही असलेल्या हॉलमध्ये साडी नेसून उताणं पडायला आमच्याकडच्या कित्येक बायकांना संकोच वाटतो. त्या डोळे मिटत नाहीत, सारखा पदर सावरतात. अशा वेळी पालथं मकरासन द्यावं किंवा कुशीवर झोपू द्यावं, अंगावर चादर द्यावी. अंग सैल सोडायला आधी सुरक्षित वाटावं लागतं. ही गोष्ट प्रत्येक योगशिक्षकाच्या प्रशिक्षणात ठळकपणे यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवाळीनंतर थंडी पडते, व्यायामाचे संकल्प सुटतात आणि वर्गांत गर्दी होते. तुम्ही त्यात असाल तर एवढं करा. रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, मणक्याचं दुखणं, झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण यातलं काहीही असेल तर पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगा. रक्तदाब किंवा काचबिंदू असताना शेजारचा करतो म्हणून शीर्षासनाला जाऊ नका आणि श्वास कोंडू नका. सूचना कळली नाही, कुठे दुखलं, लाज वाटली, तर तिथल्या तिथे बोला. तुमच्या शंकेने जो शिक्षक वैतागतो त्याचा वर्ग खुशाल बदला, आणि जो थांबून तुमच्याकडे नीट पाहतो त्याच्याकडे निदान एक हिवाळा टिकून राहा.