संगणकाद्वारे उच्च-विभेदन संगीतश्रवण

उच्च-विभेदन संगीतश्रवण, अर्थात हाय-रेझोल्यूशन ऑडिओ, म्हणजे सीडीपेक्षा अधिक नमुनादराने किंवा अधिक बिटसंख्येने साठवलेले ध्वनिमुद्रण हानिरहित स्वरूपात ऐकणे होय. सीडीवरील ध्वनी प्रतिसेकंद ४४,१०० नमुने आणि प्रतिनमुना १६ बिट या मापाचा असतो; उच्च-विभेदन धारिका बहुधा २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ मापाच्या असतात. अशा धारिका साध्या संगणकावरही वाजवता येतात. मात्र संगणकाची ध्वनियंत्रणा मुळात अनेक आवाज एकत्र मिसळून वाजवण्यासाठी रचलेली असल्यामुळे, योग्य जुळणी केली नसल्यास धारिकेचे माप वाटेतच बदलते. वादकप्रणालीच्या पडद्यावर दिसणारा आकडा हा धारिकेचा असतो. स्पीकरपर्यंत पोहोचलेल्या ध्वनीचा तो असेलच असे नाही.

मूळ संकल्पना

अंकीय ध्वनिमुद्रणात ध्वनिलहरीची उंची ठराविक अंतराने मोजून अंकांत नोंदवली जाते. एका सेकंदात जितक्या वेळा मोजणी होते तो नमुनादर. नायक्विस्ट-शॅनन सिद्धांतानुसार एखादी वारंवारता अचूक नोंदवण्यासाठी नमुनादर तिच्या दुपटीहून अधिक असावा लागतो. मानवी श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ मानली जाते, सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ हा दर त्यावरूनच पुरेसा ठरतो.

प्रत्येक मोजणी किती बारकाईने नोंदवली आहे हे बिटसंख्या सांगते. प्रत्येक बिटामागे सर्वांत मोठ्या व सर्वांत क्षीण आवाजांतील अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढते. त्यामुळे १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबल, तर २४ बिटांत तत्त्वतः सुमारे १४४ डेसिबल इतका पल्ला मिळतो. प्रत्यक्षात कोणत्याही उपकरणाचा स्वतःचा विद्युत-गोंगाट हा पूर्ण पल्ला मिळू देत नाही. मुद्रण व संपादन करताना २४ बिटांचा लाभ निर्विवाद आहे, कारण आवाजाची पातळी थोडी कमी ठेवली तरी बारकावे हरवत नाहीत.

धारिकांचे प्रकार

वेव्ह आणि एआयएफएफ या प्रकारांत ध्वनी संक्षेपणाविना साठवला जातो. फ्लॅक (२००१) आणि अ‍ॅपलचा अलॅक (२००४) हे हानिरहित संक्षेपणाचे प्रकार आहेत. त्यांतून मूळ अंक जसेच्या तसे परत मिळतात. एमपी३ मात्र हानियुक्त आहे. एमपी३चे फ्लॅकमध्ये रूपांतर केल्याने गमावलेला तपशील परत येत नाही, केवळ धारिका मोठी होते. २४ बिट व ९६ किलोहर्ट्झ मापाचा दोन वाहिन्यांचा असंक्षेपित ध्वनी सेकंदाला ४,६०८ किलोबिट जागा घेतो. म्हणजे पाच मिनिटांच्या गीताला सुमारे १७३ मेगाबाइट लागतात. सुपर ऑडिओ सीडीसाठी (१९९९) वापरलेली डीएसडी ही वेगळी पद्धत असून तिच्यात २.८२२४ मेगाहर्ट्झ दराने एकेक बिट नोंदवला जातो.

आवश्यक उपकरणे

अंकांचे विद्युत-लहरीत रूपांतर करणाऱ्या उपकरणास डॅक म्हणतात. बहुतेक संगणकांत तो अंगभूत असतो, परंतु संगणकाच्या आतील विद्युत-गोंगाटापासून दूर राहण्यासाठी यूएसबीने जोडला जाणारा बाह्य डॅक अनेकदा वापरला जातो. असिंक्रोनस यूएसबी पद्धतीच्या डॅकमध्ये वेळ मोजणारे घड्याळ डॅकमध्येच असते आणि संगणकाने त्याच्या गतीने अंक पुरवायचे असतात. त्यामुळे संगणकाच्या वेळमोजणीतील अनियमिततेचा परिणाम ध्वनीवर सहसा होत नाही.

यापुढील साखळीत ध्वनिवर्धक व स्पीकर किंवा हेडफोन येतात. ब्लूटूथने जोडलेल्या हेडफोनमध्ये ध्वनी सामान्यतः हानियुक्त संक्षेपण करूनच पाठवला जातो. तेथे धारिकेचे उच्च माप टिकत नाही.

संगणकाची जुळणी

विंडोजमध्ये सर्व प्रणालींचे आवाज एका मिश्रकात एकत्र येतात व उपकरणासाठी निवडलेल्या एकाच मापात बदलले जातात. हे माप ४८ किलोहर्ट्झ असेल, तर ४४.१ किलोहर्ट्झच्या धारिकेतील दर १४७ नमुन्यांमागे १६० नवे नमुने गणिताने तयार करावे लागतात आणि ९६ किलोहर्ट्झची धारिका निम्म्यावर आणली जाते. हे टाळण्यासाठी वासापी यंत्रणेतील एक्सक्लुझिव्ह मोड किंवा स्टाइनबर्ग कंपनीची आसिओ यंत्रणा वापरतात. या दोहोंत मिश्रक वगळला जाऊन वादकप्रणाली थेट डॅकशी जोडली जाते. अशा वेळी सूचनांचे इतर आवाज सहसा ऐकू येत नाहीत. फूबार२००० सारख्या वादकप्रणालीत ही निवड करता येते. विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ प्रकारच्या डॅकसाठी वेगळा ड्रायव्हर अनिवार्य राहिलेला नाही.

मॅकओएसमध्ये ‘ऑडिओ मिडी सेटअप’ या उपयोजनात डॅकचे माप निवडता येते. धारिकेनुसार हे माप आपोआप बदलणाऱ्या स्वतंत्र वादकप्रणालीही उपलब्ध आहेत.

लिनक्समध्ये पल्सऑडिओ किंवा पाइपवायर हे मिश्रकाचे काम करतात. त्यांना वगळून अल्सा यंत्रणेतील उपकरणाशी थेट जोडणी केल्यास मूळ माप कायम राहते. एमपीडी ही वादकप्रणाली या कामी वापरली जाते.

तिन्ही ठिकाणी आवाज समतोल करणारे इक्वलायझर व इतर परिणाम बंद ठेवावे लागतात. आवाज कमीजास्त करण्यासाठी ध्वनिवर्धकाची कळ वापरल्यास अंकांत बदल होत नाही.

पडताळणी

अनेक डॅकवर चालू नमुनादर दर्शवणारा दिवा किंवा पडदा असतो. ४४.१ व ९६ किलोहर्ट्झच्या धारिका एकापाठोपाठ वाजवून हा आकडा बदलतो की नाही, ते पाहणे ही सर्वांत सोपी कसोटी होय. खुद्द धारिकेची तपासणी ऑडॅसिटीसारख्या प्रणालीत वर्णपट पाहून करता येते. ९६ किलोहर्ट्झच्या धारिकेतील ध्वनी सुमारे २२ किलोहर्ट्झवर कापल्यासारखा एकाएकी संपत असेल, तर ती सीडीच्या मापावरून वाढवलेली असण्याची शक्यता बळावते.

श्रवणभेदाविषयी मतभेद

उच्च माप कानाला जाणवते की नाही, याविषयी एकमत नाही. मेयर व मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कोणता ध्वनी कोणत्या मापाचा हे श्रोत्यांना न सांगता ५५४ चाचण्या घेतल्या गेल्या. त्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. म्हणजे नाणे उडवून येईल तेवढेच प्रमाण. रीस यांनी २०१६ मध्ये १८ अभ्यासांची एकत्रित छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले. प्रशिक्षित श्रोत्यांच्या बाबतीत ते अधिक होते. फरक असलाच तर तो अल्प असल्याचे यावरून दिसते. एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन आवृत्त्यांत जाणवणारा मोठा फरक बहुधा मापामुळे नव्हे, तर अंतिम संपादन निराळे असल्यामुळे पडतो.

जुनी ध्वनिमुद्रणे

बालगंधर्वांच्या काळातील नाट्यपदे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर मुद्रित झाली. त्या तबकड्यांचा वारंवारता-पल्ला सीडीहून पुष्कळच कमी आहे; त्यामुळे त्यांच्या १९२ किलोहर्ट्झच्या प्रतीत मुळात नसलेला स्वर अवतरत नाही. तरीही जतनासाठी उच्च मापाचे महत्त्व आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आयएएसए या आंतरराष्ट्रीय संघटनेने मूळ ध्वनीच्या अंकीकरणासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट मापाची शिफारस केली आहे. तबकडीवरील खरखर काढण्याचे संस्करण पुढे केव्हाही नव्याने करता येते. झिजलेली किंवा फुटलेली तबकडी मात्र पुन्हा वाजवता येत नाही.