सेल संपायला १० मिनिटं, हप्ते मात्र १२! जाहिरातींच्या मोहातून घरचं बजेट कसं वाचवायचं?

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. शिवारात कापसाची वेचणी आणि मोबाईलवर सेलच्या जाहिराती.

गेवराई तालुक्यातलं चकलांबा घ्या किंवा आजूबाजूचं दुसरं कुठलंही गाव. अनेक घरांत वर्षाचा मोठा पैसा येतो तो याच दिवसांत. कुणाकडे कापूस विकून, तर कुणाकडे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतून. त्यात दसरा, दिवाळी आणि नाताळ असे सण ओळीने येतात. कधी कुणाच्या हातात पैसा असतो, हे जाहिरात करणाऱ्यांनाही चांगलंच ठाऊक असतं.

पैसा वर्षातून एकदा, हप्ता दर महिन्याला

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, म्हणून हप्ताही महिन्याचा ठरला. शेतकऱ्याचं तसं नाही.

समजा, नोव्हेंबरात १८,००० रुपयांचा मोबाईल १२ हप्त्यांवर घेतला. महिन्याला १,५०० रुपये. कापसाचे पैसे हातात आहेत तोवर ही रक्कम किरकोळ वाटते. पण मार्चनंतर तो पैसा आटतो आणि निम्म्याहून जास्त हप्ते अजून बाकी असतात. त्यातच जूनमध्ये बियाणं आणि खत घ्यायचं असतं, शाळेची वह्या-पुस्तकं असतात. एक हप्ता चुकला की बँकेचा दंड लागतो आणि सिबिल स्कोअर घसरतो. मग हप्ता भरायला हातउसने घ्यायचे, नाहीतर सावकार गाठायचा.

'नो कॉस्ट ईएमआय'मध्येही व्याज गायब झालेलं नसतं. बऱ्याचदा व्याजाइतकी सूट किमतीत दाखवली जाते. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा लागू शकतो. रोखीने घेतल्यावर मिळणारी सवलत हुकते ती वेगळीच. शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना फटकारलं होतं.

जाहिरात नेमकं काय करते?

'फक्त २ शिल्लक', 'ऑफर संपायला १० मिनिटं'. यातली घाई अनेकदा बनावट असते. 'नको' म्हणायच्या बटणावर 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहून आपल्याला ओशाळं केलं जातं. न मागितलेली वस्तू गुपचूप बास्केटमध्ये येऊन बसते.

अशा क्लृप्त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी असे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली.

पण कायदा फसवणूक थांबवू शकतो, मनातली हाव थांबवू शकत नाही. शेजाऱ्याच्या स्टेटसवर नवी गाडी दिसली आणि आपली जुनी वाटायला लागली, तर त्याची तक्रार कुठे करणार? इथे उपयोगी पडतो तो धर्माने केलेला मोहाचा विचार. आज त्यातला ख्रिस्ती विचार पाहू.

ख्रिस्ती विचार काय सांगतो?

ही परंपरा आपल्या भागाला परकी नाही. शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही तिथूनच १८४२ मध्ये निघालं.

या परंपरेतल्या चार गोष्टी घरच्या बजेटला थेट लागू पडतात.

पहिली, लोभाची आज्ञा. बायबलमधल्या दहा आज्ञांत चोरी करू नये अशी आज्ञा आहेच. पण शेवटची आज्ञा त्याच्याही मागे जाते. शेजाऱ्याचं घर, बैल, गाढव, त्याचं जे काही असेल त्याचा लोभ नको, असं ती सांगते. म्हणजे हात पुढे जाण्याआधी मनात काय चाललंय ते बघा. आज बैलाच्या जागी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, बुलेट किंवा आयफोन ठेवा, आज्ञा तशीच लागू पडते.

दुसरी, बुरुजाचा दाखला. लूकच्या शुभवर्तमानात येशू विचारतो की बुरूज बांधणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करणार नाही का? नाहीतर पाया घालून काम अडायचं आणि लोक हसायचे. येशू हे शिष्य होण्याची किंमत समजावताना सांगतो, पण हिशेबाची शिस्त घरालाही तेवढीच लागू आहे. यात 'आधी' आणि 'बसून' हे दोन शब्द महत्त्वाचे. जाहिरातीला नेमकं हेच नको असतं. तुम्ही उभ्याउभ्या, लगेच ठरवावं, अशी तिची इच्छा.

तिसरी, मान्ना. इजिप्तमधून निघालेल्या इस्राएली लोकांना रानात मान्ना नावाचं अन्न मिळे. ज्याने त्याने त्या दिवसापुरतंच गोळा करायचं. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं, तर त्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची मुभा होती. म्हणजे पुढची गरज ओळखून ठेवणं वेगळं आणि हावेपोटी साठवणं वेगळं.

चौथी, समाधान. पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिलं ते कैदेत असताना. असेल त्या स्थितीत समाधानी राहायला आपण शिकलो, असं तो त्यात सांगतो. शिकलो, म्हणजे हे उपजत नव्हतं. सवयीने जमतं.

मग करायचं काय?

या चारही गोष्टींचा रोख एकच आहे. निर्णय जाहिरात दिसल्यावर घ्यायचा नाही, तो आधीच घेऊन ठेवायचा.

पैसा आला की खर्चाआधी वाटणी करा. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत १९१० पासून 'बुहफाई थाम'ची रीत आहे. स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ आधी बाजूला काढायचा आणि तो चर्चच्या कामासाठी द्यायचा. उरल्यातून देत नाहीत, आधी काढतात. कापसाच्या पैशालाही हे लावता येतं. बियाणं-खत, शाळा, दवाखाना आणि दान यांचे पैसे आधी वेगळ्या खात्यात टाका. उरेल त्यातून खरेदी.

सण येण्याआधी घरात बसून यादी करा. यादीत नसलेली वस्तू आवडली तर सात दिवस थांबा. ठरावीक रकमेवरची खरेदी नवरा-बायको दोघांच्या होकाराशिवाय करायची नाही, असं ठरवा. हप्ता घ्यायचाच असेल तर तो जुलै-ऑगस्टमध्ये कशातून भरणार, हे कागदावर लिहा. उत्तर सापडलं नाही, तर वस्तू परवडत नाही.

शॉपिंग ॲपच्या नोटिफिकेशन बंद करा, सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

एक गोष्ट विसरू नका

मोबाईल घेणं पाप नाही. बाजारभाव, हवामान आणि मुलांचा अभ्यास त्यावर चालतो. आणि जे घर उचल घेतल्याशिवाय चालत नाही, त्याला 'हाव सोडा' असं सांगणं अन्यायाचं आहे. तिथे प्रश्न मोहाचा नसतो, मजुरीचा असतो. बायबलही मजुराची मजुरी अडवणाऱ्याला कठोर शब्दांत सुनावतं.

पण ज्या घरात वर्षाकाठी चार पैसे उरतात, तिथे ते कुणी ठरवून खर्च करायचे, घरातल्यांनी की स्क्रीनवरच्या उलट्या घड्याळाने, एवढं मात्र आपल्या हातात आहे. पुढचा सेल लागण्याआधी घरात एकदा यावर बोलून घ्या.