करकरणाऱ्या ब्रेकला तेल नको

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाच्या गिअरच्या सायकलीचा मागचा ब्रेक फार करकरत होता. ताईंनी मायेने शिलाई मशीनचं तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. पोरानं सायकल बांधावर घातली. खरचटण्यावर निभावलं. ताई दिवसभर रडल्या. पण चूक त्यांची एकटीची नव्हती. करकरलं की तेल, हेच आपण सगळ्या शिकलोय. म्हणून आम्ही गटात बसून हा ब्रेक समजून घेतला.

चाकाच्या मध्याला जी पोलादी चकती असते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना ब्रेक पॅड असतात. काही सायकलींत तार ओढून पॅड दाबले जातात, काहींत नळीतलं तेल ते दाबतं. तेलाच्या ब्रेकला हायड्रॉलिक म्हणतात. तेल फक्त नळीच्या आत हवं. चकतीवर थेंब पडला, की पॅड घसरतात.

चकती मळली तर मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसा. चूल, विडी जवळ नको, ते पेटतं. तेल प्यायलेले पॅड मात्र बदलावेच लागतात. साखळीला तेल देताना चकतीवर फडकं टाका. उतार उतरल्यावर चकतीला हात लावू नका, चटका बसतो.

पॅडवरचा घासणारा थर एक मिलिमीटरहून पातळ झाला, की नवे घाला. नवे पॅड घातल्यावर सपाट, मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेग घेऊन हळूहळू ब्रेक दाबा, मगच पकड बसते.

चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. पॅड आतून एकमेकांना भिडतात आणि चाक परत बसत नाही. मध्ये जाड पुठ्ठा घालून ठेवा.

लिव्हर स्पंजासारखी मऊ लागते, चार-पाचदा दाबल्यावर घट्ट होते? मग बहुतेक नळीत हवा शिरली आहे. ती काढायचं काम जाणत्या मिस्त्रीकडे द्या. पण तेल कोणतं, हे स्वतः विचारा. काही ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले रबर खराब होतात. गोडेतेल तर कधीच नाही. डॉट तेल रंग खातं, हाताला लागलं तर लगेच धुवा.

नुसती चकती घासत असेल, तर कॅलिपरचे दोन बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि तसेच परत आवळा. बहुतेक वेळा काम होतं.

आम्ही गटासाठी एल-पान्यांचा संच घेतला आहे. दर रविवारी मुलांच्या सायकली अंगणात येतात. निघण्याआधी दोन्ही लिव्हर दाबून सायकल ढकलून बघायची. लिव्हर मुठीला टेकली किंवा नळीजवळ ओल दिसली, तर त्या दिवशी सायकल घरीच. शाळेला पोर चालत गेलं तरी चालेल, पोचायला हवं.