हिंदी-रशियन ऋणानुबंध (भाग ४) : पॅरिसची पुस्तिका आणि मुंबईचा संप

मागच्या आठवड्यात आपण महाराजा दुलीपसिंगांना मॉस्कोत पाहिले. १८८७ साली ते झारच्या आशेने तिथे गेले आणि रिकाम्या हाताने फिरले. एका राजाने दुसऱ्या राजाकडे मदत मागावी, असा तो जुना मामला. पुढच्या वीस वर्षांत तो रस्ता कायमचा बंद झाला. ३१ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट पीटर्सबर्गला इंग्लंड आणि रशियाने इराण, अफगाणिस्तान, तिबेटवरची भांडणे मिटवली. रशियाची फौज कधीतरी हिंदुकुश ओलांडेल ही इंग्रजांची धास्ती आणि आपल्याकडच्या काहींची आशा; दोन्ही एका सहीत निकालात निघाल्या.

आता हिंदी माणसाला काही मिळणार होते ते झारच्या दरबारी नव्हे, तर झारच्या पोलिसांना चुकवून परदेशी राहिलेल्या रशियनांकडे. त्यांची वस्ती पॅरिसला, जिनिव्हाला होती. १९०५च्या रशियन उठावाने तर त्यांचा दबदबा फारच वाढवला होता. सर्वशक्तिमान झारलाही बॉम्बपुढे नमते घेऊन ड्यूमा द्यावी लागली, असा सूर १९०८ साली ‘केसरी’तही उमटला.

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट तेव्हा एडिंबराला शिकत होते. मुळशीचे ‘सेनापती’ व्हायला अजून बराच अवकाश होता. इंग्रजी राज्याविरुद्ध बोलल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली आणि ते लंडनच्या इंडिया हाऊसमधल्या क्रांतिकारक मंडळींत ओढले गेले. १९०७च्या सुमारास ते पॅरिसला गेले. तिथे बंगालचे हेमचंद्र दास कानुनगो आधीच येऊन राहिले होते, आणि तेही घरदार विकून. या मंडळींना निकोलस साफ्रान्स्की हा रशियन गुरू भेटला. त्याने स्फोटके बनवायची विद्या शिकवली, गुप्त मंडळे कशी बांधायची तेही सांगितले. बॉम्बवरची एक रशियन पुस्तिका इंग्रजीत उतरवून घेण्यात आली आणि तिच्या प्रती हिंदुस्थानात पोचल्या.

या पुस्तिकेचा माग पोलिसांनीच लावून ठेवला आहे. १९०८मध्ये कलकत्त्याच्या माणिकतळा बागेत एक प्रत सापडली. पुढच्या वर्षी नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घरझडतीत दाट टंकलिखित साठेक पाने मिळाली. ती त्याच मजकुराची निघाली, उलट अधिक पूर्ण: बॉम्ब, सुरुंग आणि इमारती यांच्या ४५ आकृत्या तिच्यात होत्या. रशियात लिहिलेला मजकूर पॅरिसमार्गे गोदाकाठी! टपालखात्याला इतके चोख काम क्वचितच जमले असेल.

३० एप्रिल १९०८ला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. मारायचे होते न्यायाधीश किंग्जफर्डना. मेल्या केनेडी मायलेकी. त्यावरच्या ‘केसरी’तील लेखांसाठी टिळकांना २४ जूनला मुंबईत पकडले. पुण्यातल्या घरझडतीत पोलिसांच्या हाती एक पोस्टकार्ड लागले. त्यावर स्फोटकांवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे खरडलेली होती. सरकारने तेवढ्या कार्डाचा पुरावा केला. टिळकांचे म्हणणे सरळ होते: स्फोटक पदार्थांचा नवा कायदा आला आहे, त्यावर लिहायचे म्हणून यादीतून नावे टिपली. ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी फुटली आणि २२ जुलैच्या रात्री न्या. दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली.

दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्या थंडावल्या. वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप चालला. लष्कर आले, गोळ्या झाडल्या, माणसे मेली. कामगारांत कोकणातले, घाटावरचे मराठी लोक भरपूर होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना ‘केसरी’ वाचता येत नव्हता. टिळकांवरचा लोभ त्यांना कसा लागला, गिरणीतल्या जॉबरांचा आणि चाळीतल्या मेळ्यांचा त्यात वाटा किती, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या संपाची दखल जिनिव्हात एका रशियनाने घेतली. ५ ऑगस्ट १९०८च्या ‘प्रोलेतारी’ पत्रात लेनिनने जगाच्या राजकारणातल्या ज्वालाग्राही द्रव्यावर लेख लिहिला. इराण, तुर्कस्तान, चीन आणि हिंदुस्थान असा त्याचा पसारा. टिळकांच्या शिक्षेबद्दल त्याने इंग्रजांना फैलावर घेतलेच. पण त्याचे खरे लक्ष मुंबईच्या रस्त्यावर होते. हिंदी कामगार आता जाणीवपूर्वक राजकीय लढ्यात उतरला आहे, सबब इंग्रजी राज्याचे दिवस भरले, असा त्याचा निष्कर्ष. मुझफ्फरपूरच्या बॉम्बवर त्याने काहीही बांधले नाही. झारला मारण्याच्या कटात त्याचा थोरला भाऊ अलेक्झांडर १८८७मध्ये फासावर गेला होता. एकट्यादुकट्याच्या बॉम्बने राज्य उलथत नाही, हे लेनिनच्या पक्षाचे ठाम मत होते.

म्हणजे आपल्या तरुणांनी रशियाकडून उचलला तो बॉम्ब, आणि त्या विद्येवर लेनिनसारख्या रशियनांचा विश्वास तेव्हाच उडालेला होता. उलट लेनिनला भारतात जे मोलाचे दिसले, त्या संपाकडे आपल्या क्रांतिकारकांनी त्या घडीला फारसे पाहिले नाही. माझ्या मते पहिल्या भेटीतली ही चुकामूक पुढची दहा-बारा वर्षे महागात पडली.

ती दुरुस्त करायचा पहिला मोठा प्रयत्न मानवेंद्रनाथ रॉय यांनी केला. १७ ऑक्टोबर १९२०, ताश्कंद. पुढच्या आठवड्यात तिथे जाऊ.