आतडे सावरल्यानंतरचा मेंदू
गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या, विशेषतः दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांना होणाऱ्या आजारांत नवजात अतिदक्षता विभागाला ज्याची मोठी धास्ती वाटते, तो नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस, म्हणजे आतड्याच्या भिंतीला तीव्र दाह होऊन तिचा काही भाग मृत होण्याचा विकार होय. बाळ दूध पचवू लागले असे वाटत असतानाच, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पोट फुगते, हिरवी उलटी होते, शीमध्ये रक्त दिसते आणि क्ष-किरण चित्रात आतड्याच्या भिंतीत वायू साचलेला आढळतो. दूध थांबवून प्रतिजैविके दिल्यावर अनेक बाळे सावरतात. आतड्याला छिद्र पडल्यास मात्र बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते.

बाळ वाचले की प्रश्न सुटला, असा समज दीर्घकाळ होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मात्र या आजारातून वाचलेल्या सुमारे ४५ टक्के मुलांच्या चेतासंस्थेच्या विकासात काही ना काही बाधा आढळली, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत तिचे प्रमाण अधिक होते. दाहामुळे रक्तात उतरणारी रसायने मेंदूपर्यंत पोहोचतात आणि तेथील संरक्षक पेशींना, म्हणजे मायक्रोग्लियांना, चेतवतात. या चेतलेल्या पेशी चेतातंतूंवर मायेलिनचे आवरण चढवणाऱ्या कोवळ्या पेशींना इजा करतात, असे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. आतड्यातील काही लसीका पेशी स्वतःच मेंदूत शिरतात, हे त्यांनी २०२१ मध्ये दाखवले. हा आजार होतो त्याच आठवड्यांत मेंदूतील श्वेतद्रव्य घडत असते, त्यामुळे आघाताची वेळच घातक ठरते.

या आजाराच्या प्रतिबंधात आईच्या दुधाचा वाटा मोठा आहे, आणि ते अपुरे असल्यास दात्या मातांचे पाश्चरीकृत दूध डब्याच्या दुधापेक्षा सुरक्षित ठरते. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली, हे महाराष्ट्राचे श्रेय फारसे सांगितले जात नाही.

कमी वजनाच्या बाळांच्या पुढच्या वर्षांचा मागोवा घेण्याचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयाने केले. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा तेथील डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. हा अभ्यास केवळ आतड्याच्या आजाराचा नव्हता. तरीही बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेत असूनही बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी भरला आणि गणित व वाचन त्यांना जड गेले, हा निष्कर्ष येथे विशेष लक्षणीय वाटतो. अशी उणीव बाळाच्या पहिल्या वर्षात दिसतेच असे नाही.

म्हणूनच मुळशीतील चांद्यासारख्या, पुण्याजवळच्या गावातील कुटुंबाने शहरातील रुग्णालयातून बाळ घरी आणल्यावर डोक्याचा घेर, श्रवण, दृष्टी आणि हालचालींच्या तपासण्या चुकवू नयेत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी अपेक्षित असून तीत विकासातील विलंबही पाहिला जातो. परंतु तपासणी करणाऱ्या पथकाला बाळपणीच्या आजाराचा पत्ता लागायचा तर रुग्णालयातून मिळालेले कागद मूल शाळेत जाऊ लागल्यावरही घरात जपून ठेवलेले असावे लागतात.